ब्राउझर विस्तारकांचे समकालन

एकाच व्यक्तीच्या वापरात असलेल्या निरनिराळ्या संगणकीय उपकरणांवरील ब्राउझरमध्ये तेच विस्तारक, त्यांची चालू अथवा बंद स्थिती आणि शक्य तेथे त्यांतील वैयक्तिक मांडणी एकसारखी राखण्याच्या प्रक्रियेस विस्तारकांचे समकालन असे म्हणतात. विस्तारक, म्हणजेच व्यवहारात रूढ असलेले एक्स्टेन्शन, हा ब्राउझरच्या मूळ कार्यक्रमास जोडला जाणारा छोटा कार्यक्रम होय. जाहिराती रोखणे, परकीय भाषेतील मजकुराचे भाषांतर करणे, संकेतशब्द जपून ठेवणे, देवनागरीत टंकलेखनाची सोय करणे अशी अनेक कामे विस्तारकांकडून होतात. समकालनास बोलीत ‘सिंक’ हा शब्द सर्रास वापरला जातो.

ब्राउझरमधील अन्य गोष्टींच्या समकालनाहून विस्तारकांचे समकालन मूलतः निराळे आहे. वाचनखुणा, भेट दिलेल्या पृष्ठांची यादी किंवा संकेतशब्द ही निव्वळ माहिती असते. विस्तारक मात्र स्वतः कार्य करणारा कार्यक्रम असतो. कार्यालयातील संगणकावर जोडलेला विस्तारक घरातील संगणकावर आपोआप अवतरतो, तेव्हा एका यंत्रावर दिलेली संमती दुसऱ्या यंत्रावरही लागू होते. सोय आणि जोखीम यांच्या या सांगडीमुळे या विषयाचा इतिहास केवळ तांत्रिक सुधारणांचा राहत नाही. वापरकर्त्याच्या माहितीची किल्ली कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाचाही तो इतिहास ठरतो.

पूर्वपीठिका : परस्परांपासून तुटलेल्या दोन संगणकांवरील एकाच माहितीच्या प्रती पुन्हा एकरूप कशा कराव्यात, हा प्रश्न ब्राउझरपेक्षा जुना आहे. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले की, विखुरलेल्या यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नसल्याने कोणती घटना आधी घडली व कोणती नंतर, हे केवळ घड्याळावरून ठरविता येत नाही. त्यासाठी तार्किक क्रमांकन वापरावे लागते. कार्नेगी मेलन विद्यापीठात भारतीय वंशाचे संगणकशास्त्रज्ञ महादेव सत्यनारायणन् यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘कोडा’ या फाइलप्रणालीच्या प्रकल्पात जालकापासून विलग झालेल्या संगणकावर काम चालू ठेवून पुढे ते मुख्य साठ्याशी जुळवून घेण्याचे तंत्र विकसित झाले. १९८९ मध्ये बाजारात आलेल्या ‘लोटस नोट्स’ या कार्यालयीन प्रणालीत प्रतींच्या परस्पर जुळणीची सोय होती. १९९६ मधील ‘पाम पायलट’ या खिशात मावणाऱ्या उपकरणाने एक कळ दाबून दैनंदिनी व पत्ते संगणकाशी जुळविण्याची सवय सामान्य वापरकर्त्यास लावली.

ब्राउझरच्या क्षेत्रात या कल्पनेचा पहिला उल्लेखनीय वापर नेटस्केप कंपनीने केला. १९९८ मधील ‘नेटस्केप कम्युनिकेटर ४.५’ या आवृत्तीत ‘रोमिंग ॲक्सेस’ ही सोय होती. तीमुळे वाचनखुणा, पत्त्यांची वही, आवडीनिवडींची नोंद इत्यादी फायली एका सेवा-संगणकावर ठेवून कोणत्याही यंत्रावरून उतरवून घेता येत. मात्र त्यासाठी असा सेवा-संगणक स्वतः चालविणारी संस्था पाठीशी असावी लागे. त्यामुळे घरगुती वापरकर्त्यास तिचा फारसा उपयोग नव्हता. शिवाय त्या काळी प्रवासाला निघत असे ती माहिती, कार्यक्रम नव्हे.

विस्तारकांचा उदय : मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये ‘इंटरनेट एक्सप्लोअरर ४’ या आवृत्तीत बाह्य घटक ब्राउझरमध्ये भरण्याची मुभा दिली. हे घटक विंडोज प्रणालीत खोलवर रुजत असल्याने ते त्या त्या यंत्राशी बांधलेले राहत. एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याजोगे सुटसुटीत असे त्यांचे रूप नव्हते. नेटस्केपने १९९८ च्या मार्चमध्ये आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांस खुली केली व त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला. या प्रकल्पातून २००२ मध्ये ‘फिनिक्स’ हा आटोपशीर ब्राउझर निघाला. दोनदा नामांतर होऊन ९ नोव्हेंबर २००४ रोजी तो ‘फायरफॉक्स १.०’ या नावाने प्रसिद्ध झाला. मूळ ब्राउझर मोजक्या सोयींचा ठेवावा व बाकीच्या सोयी ज्याच्या त्याने विस्तारकांद्वारे जोडून घ्याव्यात, हे त्याच्या रचनेमागील सूत्र होते. जाहिराती रोखणारा ‘ॲडब्लॉक’ आणि पृष्ठांचे रूप व वर्तन बदलणाऱ्या लघुसंहिता चालविणारा ‘ग्रीसमंकी’ हे विस्तारक या काळात लोकप्रिय झाले.

या सूत्राचा एक परिणाम असा झाला की, प्रत्येकाचा ब्राउझर दुसऱ्याच्या ब्राउझरहून वेगळा दिसू व वागू लागला. नवा संगणक घेतला की, अनेक विस्तारक पुन्हा शोधून, जोडून, त्यांची मांडणी पहिल्यापासून करावी लागे. माहीतगार लोक ब्राउझरची सर्व वैयक्तिक माहिती असलेली ‘प्रोफाइल’ ही फोल्डर जशीच्या तशी उचलून दुसऱ्या यंत्रावर नेत. ‘एफइबीइ’ या नावाचा एक विस्तारक तर इतर विस्तारकांच्याच गाठोड्या बांधून त्यांची राखीव प्रत तयार करण्यासाठी निघाला होता. तथापि अशी प्रत म्हणजे एका क्षणाची नोंद असे. दोन यंत्रे रोज वापरणाऱ्याच्या दृष्टीने प्रत घेण्याच्या दुसऱ्याच दिवशी ती शिळी होई.

पहिल्या सेवा : २००६ हे वर्ष या संदर्भात महत्त्वाचे ठरले. लोटस कंपनीचे एक संस्थापक मिच केपोर यांच्या पुढाकाराने याच वर्षी ‘फॉक्समार्क्स’ ही वाचनखुणांचे समकालन करणारी सेवा सुरू झाली. जूनमध्ये गूगलने फायरफॉक्ससाठी ‘गूगल ब्राउझर सिंक’ हा विस्तारक काढला. वाचनखुणा, पृष्ठभेटींचा इतिहास, संकेतशब्द, कुकी आणि उघडे टॅब यांचे समकालन तो करीत असे. नॉर्वेतील ऑपेरा कंपनीने संगणक व मोबाइल यांच्यातील जुळणीसाठी ‘ऑपेरा लिंक’ ही सेवा आणली व २००८ मधील ‘ऑपेरा ९.५’ या आवृत्तीत तिचा समावेश झाला.

या सेवांचा शेवट कसा झाला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. गूगलने २००८ मध्ये ‘ब्राउझर सिंक’ बंद केली व तिची संहिता खुली केली. फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीशी ती कधीच जुळविली गेली नाही. फॉक्समार्क्सचे २००९ मध्ये ‘एक्समार्क्स’ असे नामांतर झाले. पुरेसे उत्पन्न नसल्याने २०१० च्या सप्टेंबरमध्ये ती बंद करण्याचे जाहीर झाले, तेव्हा अनेक वापरकर्त्यांनी वर्गणी भरण्याची तयारी दाखविली व डिसेंबरमध्ये लास्टपास कंपनीने ती विकत घेतली. अखेर १ मे २०१८ रोजी ती थांबली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ब्राउझरना एकत्र जोडणारी ही एक महत्त्वाची सेवा होती. प्रत्येक ब्राउझरने आपापले समकालन अंगभूत केल्यानंतर अशा तटस्थ मध्यस्थास जागा उरली नाही.

वीव्ह ते फायरफॉक्स सिंक : मोझिलाने डिसेंबर २००७ मध्ये ‘वीव्ह’ हा प्रायोगिक प्रकल्प जाहीर केला. त्याचे मुख्य वैशिष्ट्य असे की, माहिती वापरकर्त्याच्या यंत्रावरच कूटबद्ध होऊन मगच सेवा-संगणकाकडे जाई आणि कूट उलगडण्याची किल्ली मोझिलाकडे नसे. २०१० मध्ये वीव्हची पहिली पूर्ण आवृत्ती आली, त्याच वर्षी तिला ‘फायरफॉक्स सिंक’ हे नाव मिळाले आणि २२ मार्च २०११ रोजी निघालेल्या ‘फायरफॉक्स ४’ मध्ये ती अंगभूत झाली. विस्तारकांचे समकालन त्यात एका वर्षाने, म्हणजे १३ मार्च २०१२ रोजीच्या ‘फायरफॉक्स ११’ मध्ये आले.

या रचनेत नवे उपकरण जोडताना एका यंत्रावर दिसणारी अक्षरांची जुळणी दुसऱ्या यंत्रावर भरावी लागे. त्यामुळे दोन्ही यंत्रे एकाच वेळी हाताशी असणे आवश्यक होते. ज्याच्याकडे एकच संगणक होता व जो या सेवेकडे राखीव प्रत म्हणून पाहत होता, त्याचा संगणक बिघडला किंवा चोरीस गेला, तर वेगळी जपून ठेवलेली किल्ली नसल्यास सेवा-संगणकावरील माहिती सुरक्षित असूनही त्याला ती कायमची मुकावी लागे. हा अनुभव ध्यानात घेऊन २९ एप्रिल २०१४ रोजीच्या ‘फायरफॉक्स २९’ मध्ये ई-पत्ता व संकेतशब्द यांवर आधारलेली खाती सुरू झाली. संकेतशब्दापासून यंत्रावरच गणिती रीतीने किल्ली तयार करण्याची पद्धत ठेवल्याने मजकूर मोझिलास वाचता येत नाही, हे तत्त्व टिकले. पण संकेतशब्द विसरल्यास सेवा-संगणकावरील जुनी माहिती गमवावी लागण्याची शक्यताही राहिली. गुप्तता आणि पुनर्प्राप्ती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्णतः मिळत नाहीत, ही या क्षेत्रातील मूलभूत अडचण येथे स्पष्ट दिसते.

क्रोम : गूगलचा ‘क्रोम’ हा ब्राउझर २ सप्टेंबर २००८ रोजी आला. विस्तारक व वाचनखुणांचे समकालन या दोन्ही सोयी जानेवारी २०१० मधील चौथ्या आवृत्तीत आणि विस्तारकांचे समकालन सप्टेंबर २०१० मधील सहाव्या आवृत्तीत दाखल झाले. म्हणजे फायरफॉक्समध्ये विस्तारकांची परंपरा जुनी असूनही त्यांचे अंगभूत समकालन क्रोममध्ये सुमारे दीड वर्ष आधी आले. याचे एक कारण दोहोंच्या रचनेत आहे. फायरफॉक्सचे जुने विस्तारक ब्राउझरच्या कोणत्याही भागात हस्तक्षेप करू शकत व ते जोडल्यावर बहुधा ब्राउझर पुन्हा सुरू करावा लागे. क्रोमचे विस्तारक ठराविक मर्यादेत चालत, त्यांना लागणाऱ्या परवानग्या आधीच नोंदविलेल्या असत आणि ते चालू ब्राउझरमध्ये तत्काळ जोडता येत. असा सुटसुटीत विस्तारक दूरस्थ यंत्रावर आपोआप बसविणे सोपे होते.

क्रोमने समकालन गूगलच्या खात्याशी जोडले. खात्याचा संकेतशब्द विसरल्यास तो पुन्हा मिळविता येत असल्याने सामान्य वापरकर्त्यास ही पद्धत सुलभ वाटली. सर्व माहिती आपल्याच गुप्तवाक्याने कूटबद्ध करण्याचा पर्यायही पुढे देण्यात आला. परंतु तो मुद्दाम निवडावा लागतो.

कार्यपद्धती : समकालनात विस्तारकाचा कार्यक्रम एका यंत्रावरून दुसऱ्यावर सरळ पाठविला जात नाही. प्रवास करते ती एक छोटी नोंद. तीत विस्तारकाची ओळखसंज्ञा, तो चालू आहे की बंद आणि तो कोठून मिळतो, यांसारखे तपशील असतात. दुसऱ्या यंत्रावरील ब्राउझर ही नोंद वाचून अधिकृत भांडारातून विस्तारक स्वतः उतरवून घेतो. भांडाराबाहेरून हाताने जोडलेले विस्तारक यामुळे सामान्यतः समकालनात येत नाहीत.

विस्तारक काढून टाकण्याची क्रिया जोडण्याहून अवघड आहे. एका यंत्राच्या यादीत एखादा विस्तारक आहे व दुसऱ्याच्या यादीत नाही, एवढ्यावरून तो पहिल्यावर नव्याने जोडला की दुसऱ्यावरून काढला, हे कळत नाही. म्हणून काढलेल्या विस्तारकाची नोंद पुसून न टाकता ‘काढला’ अशी खूण करून ती काही काळ जपावी लागते. ही खूण नसेल, तर अनेक दिवस बंद असलेला जुना संगणक सुरू होताच काढून टाकलेले विस्तारक सर्वत्र पुन्हा प्रकट होण्याचा संभव असतो.

विस्तारक पोहोचला तरी त्यातील मांडणी पोहोचतेच असे नाही. वापरकर्त्यांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. विस्तारकाचे अस्तित्व जुळविणे हे ब्राउझरचे काम असते. पण त्यातील निवडी, याद्या व टिपणे जुळविण्याची सोय विस्तारकाच्या कर्त्याने मुद्दाम करावी लागते. त्यासाठी क्रोमने २०१२ मध्ये समकालित साठवणीची स्वतंत्र सोय दिली. तीत एका विस्तारकास एकूण १,०२,४०० बाइट, एका नोंदीस ८,१९२ बाइट व जास्तीत जास्त ५१२ नोंदी एवढीच मुभा आहे. फायरफॉक्सने २०१७ मध्ये अशीच सोय स्वीकारली व २०२० मध्ये तिची अंतर्गत रचना बदलून साठवणीची मर्यादा काटेकोर केली. ही मर्यादा अक्षरांत नसून बाइटांत असल्याने भाषेनुसार तिचा परिणाम बदलतो. प्रचलित यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत इंग्रजी अक्षरास एक, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हास तीन बाइट लागतात. मात्रा आणि अनुस्वारही वेगळे मोजले जातात. त्यामुळे एका नोंदीत जेथे सुमारे आठ हजार इंग्रजी अक्षरे मावतात, तेथे देवनागरीची फार तर २,७०० वर्णचिन्हे मावतात. मराठी टिपणे साठविणारा विस्तारक रचणाऱ्यास मजकुराचे तुकडे पाडूनच तो ठेवावा लागतो.

दोन यंत्रांवर एकच निवड वेगवेगळी बदलली गेली, तर सामान्यतः शेवटी लिहिलेली ग्राह्य धरली जाते. ही रीत साधी असली, तरी आधीचा बदल कोणतीही सूचना न देता पुसला जातो. म्हणून मोठी यादी एकाच नोंदीत ठेवण्यापेक्षा तिचे घटक अलग नोंदींत ठेवणे अधिक सुरक्षित असते.

सुरक्षिततेचे प्रश्न : विस्तारकास पुष्कळदा वापरकर्ता पाहत असलेल्या प्रत्येक पृष्ठाचा मजकूर वाचण्याची परवानगी असते. त्यामुळे तो चुकीच्या हाती गेल्यास हानी मोठी होते आणि समकालनाने ती प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचते. वापरात नसलेले टॅब स्थगित करून स्मृती वाचविणारा ‘द ग्रेट सस्पेंडर’ हा विस्तारक वीस लाखांहून अधिक लोक वापरीत होते. २०२० मध्ये मूळ कर्त्याने तो दुसऱ्याकडे सोपविला. पुढे त्यात घातक संहिता असल्याचे कारण देऊन गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये तो भांडारातून काढला व वापरकर्त्यांच्या यंत्रांवरही निष्क्रिय केला. वापरकर्त्याने विश्वास ठेवला होता तो एका कर्त्यावर. मालकी बदलली तरी विस्तारकाची ओळखसंज्ञा तीच राहिली आणि जुन्या संमतीच्या आधारे नवी संहिता यंत्रांवर येत राहिली.

त्याच महिन्यात सुरक्षातज्ञांनी असेही उघड केले की, एका हल्लेखोराने समकालित साठवणीचाच माहिती बाहेर नेण्याचा मार्ग म्हणून उपयोग केला होता. संस्थेच्या संगणकावरून गूगलच्या सेवेकडे जाणारी ही वाहतूक नेहमीचीच दिसत असल्याने ती ओळखणे कठीण होते. या कारणांमुळे अनेक संस्था आपल्या संगणकांवर खाजगी खात्याचे समकालन बंद ठेवतात आणि मान्य विस्तारकांची यादी व्यवस्थापकामार्फत ठरवून देतात.

मालकीचा प्रश्न : क्रोम ज्या खुल्या संहितेवर उभा आहे, त्या ‘क्रोमियम’ पासून इतरांनी बनविलेल्या काही ब्राउझरमध्येही गूगल खात्याचे समकालन चालत असे. १५ मार्च २०२१ पासून अशा ब्राउझरना ते मिळणार नाही, असे गूगलने जानेवारीत जाहीर केले. लिनक्सवर क्रोमियम वापरणाऱ्यांना त्यामुळे आपली जुळणी एकाएकी गमवावी लागली. संहिता खुली असणे आणि तिच्यामागील सेवा खुली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या निर्णयाने दाखवून दिले. याउलट फायरफॉक्सच्या सेवा-संगणकाची संहिताही उपलब्ध असून ती स्वतःच्या यंत्रावर चालविता येते. अर्थात त्यास लागणारे ज्ञान व चिकाटी फार थोड्यांकडे असते. क्रोमियमवरच आधारलेल्या ‘ब्रेव्ह’ या ब्राउझरने खाते न उघडता शब्दांच्या एका मालिकेने उपकरणे जोडण्याची पद्धत स्वीकारली आहे. ती मालिका हरवली, तर माहिती परत मिळवून देणारे कोणी नसते.

मोबाइलवरील स्थिती : संगणक व मोबाइल यांतील विस्तारकांची जुळणी दीर्घकाळ अपुरी राहिली. २०१२ मध्ये आलेल्या अँड्रॉइडवरील क्रोममध्ये विस्तारकांना स्थान नव्हते. अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्ये ते होते. तथापि २०२० मध्ये हा ब्राउझर नव्याने रचला गेल्यावर मोजकेच विस्तारक उरले व डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचे भांडार पुन्हा व्यापक प्रमाणावर खुले झाले. ॲपलने २०२१ मध्ये आयफोन व आयपॅडवरील ‘सफारी’ त विस्तारकांना वाव दिला आणि २०२२ मधील सोळाव्या आवृत्तीत आयफोन, आयपॅड व मॅक यांच्यात त्यांचे समकालन सुरू केले.

मानकीकरण : मोझिलाने २०१५ मध्ये क्रोमशी मिळतीजुळती विस्तारक-रचना स्वीकारण्याचे ठरविले व १४ नोव्हेंबर २०१७ रोजीच्या ‘फायरफॉक्स ५७’ पासून जुन्या पद्धतीचे विस्तारक बंद झाले. त्यात वापरकर्त्यांच्या सवयीचे अनेक विस्तारक कायमचे गेले. पण एकच विस्तारक थोड्याफार बदलांनी सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये चालविणे शक्य झाले. २०२१ मध्ये विश्वव्यापी जालाच्या मानकांचे काम पाहणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या छत्राखाली ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला यांचा सहभाग असलेला एक गट विस्तारकांच्या समान रचनेसाठी स्थापन झाला. मात्र विस्तारकांची रचना समान होत असली, तरी समकालनाचा मार्ग प्रत्येक कंपनीचा स्वतंत्रच आहे. क्रोममधील विस्तारकांची यादी व मांडणी फायरफॉक्स अथवा सफारीशी परस्पर जुळविणारी सर्वमान्य पद्धत अस्तित्वात आलेली नाही. एका कंपनीचा ब्राउझर सोडून दुसऱ्या कंपनीचा स्वीकारणाऱ्यास आपले विस्तारक अजूनही एकेक करून जोडावे लागतात. त्यांतील मांडणीही नेता येईल की नाही, हे ती फाइलरूपाने बाहेर काढण्याची सोय कर्त्याने ठेवली आहे किंवा नाही, यावर अवलंबून असते.